इथे कोणी बसले आहे का?

२७ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेतील साउथवेस्ट या विमान कंपनीने आपली एक जुनी रीत मोडली. १८ जून १९७१ पासून तिची विमाने टेक्सस राज्यातल्या डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांमध्ये उडू लागली, तेव्हापासूनच उतारूला जागेचा क्रमांक न देण्याची तिची पद्धत होती. विमानात शिरावे आणि रिकामी दिसेल त्या खुर्चीवर बसावे, असा सरळ एस.टी.चा न्याय. युरोपातल्या स्वस्त विमानांनी तो आधीच सोडला होता. ईझीजेटने २०१२ मध्ये, रायनएअरने २०१४ मध्ये. साउथवेस्टने मात्र चोपन्न वर्षांहून अधिक काळ तो चालवला आणि अखेर बंद केला.

ही बातमी तशी व्यापाराच्या पानावरची. ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे का मांडावी, असे कोणी विचारील. मांडतो ती एवढ्यासाठी की, त्या बिनक्रमांकाच्या खुर्चीत एक फार जुना प्रश्न ठाण मांडून बसलेला होता. जी वस्तू सर्वांची, तिच्यावर माझा हक्क केव्हा सुरू होतो आणि कुठे संपतो?

या रीतीमागे काही तत्त्वज्ञान होते असे नाही, होती ती काटकसर. १९७२ साली या कंपनीकडे चारच विमाने होती आणि पैशाच्या ओढीने त्यांतले एक विकावे लागले. चार विमानांचे वेळापत्रक तिघांवर भागवायचे, तर विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा उडाले पाहिजे! विमानाचे अर्थशास्त्र टांग्यासारखेच असते. चाक फिरते आहे तोवर कमाई, थांबले की खर्च. आणि ज्याची जागा ठरलेली असते तो उतारू डुलत डुलत येतो. ज्याला ती मिळवायची असते तो झपाझप पाय उचलतो. माणसाच्या या स्वभावावर कंपनीची मिनिटे वाचत होती.

२०२३ च्या मे महिन्याच्या सुटीत मी धाकट्या बहिणीकडे डॅलसला गेलो होतो. तेथून ह्यूस्टनला जायचे ठरले आणि या विमानाचा योग आला. आदल्या दिवशी दुपारी माझे मेहुणे हातात फोन घेऊन, घड्याळाकडे नजर लावून बसले होते. विमान सुटण्याच्या बरोबर चोवीस तास आधी नोंदणी उघडे आणि जो आधी नोंदवील त्याला रांगेतला पुढचा क्रमांक मिळे. म्हणजे खुर्चीला क्रमांक नसला तरी माणसाला होता. ए, बी आणि सी असे तीन गट, प्रत्येकात एक ते साठ. दारापाशी लोखंडी खांब उभे होते आणि त्यांवर आकडे लिहिलेले. लोक एकमेकांना आपला आकडा विचारून आपापल्या ठिकाणी मुकाट उभे राहत होते. पूर्वी तेथे लोक गटागटाने तासन्‌तास ताटकळत. २००७ मध्ये हे आकडे आले आणि पायांना आराम मिळाला. पंधरा-वीस डॉलर जादा भरले तर नोंदणीची धावपळ न करता पुढचा क्रमांक मिळण्याचीही सोय होती. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आईबाप ए गटाच्या मागोमाग जात, अपंगांना सर्वांच्या आधी सोडत.

येथवर सारे शिस्तीत. खरी गंमत दाराच्या आत होती.

मी बी गटातला. मला एका रांगेच्या कडेची जागा मिळाली. मार्गिकेच्या पलीकडे एक साठीचे गृहस्थ बसले होते आणि शेजारच्या मधल्या खुर्चीवर त्यांनी आपली टोपी ठेवली होती. त्यांच्या पुढच्याच रांगेत एक तिशीतला तरुण होता. त्याच्या शेजारी त्याची पिशवी. लोक येत, थबकत आणि विचारीत, "इथे कोणी बसलंय का?" गृहस्थ म्हणत, "माझी बायको येते आहे." तरुण म्हणे, "माझा मित्र येतो आहे." विचारणारे मान हलवून पुढे जात. सी गटाच्या अगदी शेवटी एक बाई धापा टाकीत आल्या आणि टोपी उचलून बसल्या. मित्र मात्र आला नाही. दार बंद झाल्यावर तरुणाने पिशवी पायांशी सरकवली आणि हात ऐसपैस पसरले.

दोघांचे वाक्य एकच. एकाचे खरे, दुसऱ्याचे खोटे. विचारणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नव्हता. आणि खरे बोलणारा तरी बरोबर होता काय?

हा प्रश्न विमानांपेक्षा पुष्कळ जुना आहे. रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी पंचेचाळीसच्या सुमारास लिहिलेल्या एका ग्रंथात केटोच्या तोंडी नाट्यगृहाचा दाखला घातला आहे. नाट्यगृह सर्व नगराचे, तरीही ज्याने जी जागा घेतली ती त्याची म्हणायला हरकत नाही. खाजगी मालमत्तेचेही तसेच, असा त्याचा आशय. पुढे चारशे वर्षांनी, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या सीझरिया नगरीचा बिशप बॅसिल याने हाच दाखला नेमका उलटा फिरवला. धान्याची कोठारे भरून ठेवणाऱ्या धनिकाविषयी प्रवचन करताना त्याने म्हटले की, हा मनुष्य नाटकाला आधी येऊन बसला आणि मागून येणाऱ्यांना अडवू लागला. सर्वांसाठी असलेले ते त्याने आपले एकट्याचे मानले. खुर्ची तीच, नाट्यगृह तेच. एकाला तीत हक्क दिसला, दुसऱ्याला अडवणूक.

मला वाटते, दोघांच्या मध्ये ती टोपी आहे. सिसेरोच्या प्रेक्षकाजवळ शरीर एकच असते, म्हणून जागाही एकच. आधी येण्याचे कष्ट त्याने केले. त्या कष्टाच्या बळावर तो एका खुर्चीचा धनी झाला, हे कोणीही मान्य करील. पण टोपीने कोणते कष्ट केले? रांगेत ती उभी नव्हती आणि तिच्या नावाचा आकडा कोणी काढलेला नव्हता. ज्या क्षणी माझा हक्क माझ्या अंगाबाहेर पसरू लागतो, त्या क्षणी बॅसिलचा धनिक जन्माला येतो. त्याच्या कोठारात धान्य होते, इथे एक मधली खुर्ची आहे, एवढाच फरक.

पण असा निवाडा देऊन मोकळे व्हावे, तर मन कचरते. त्या बाईंनी नवऱ्याशेजारी बसू नये काय? रांगेचा न्याय माणसे एकेक करून मोजतो; माणसे मात्र एकेकटी प्रवास करीत नाहीत. कंपनीलाही हा पेच सुटला नव्हता. जागा धरून ठेवावी असाही नियम तिने केला नाही आणि धरू नये असाही नाही. शेकडो माणसे एका नळकांड्यात कोंबून तिने त्यांना सांगितले, तुमचे तुम्ही बोलून ठरवा. यातून काय काय निघाले! मधल्या खुर्चीवर चुरगळलेले रुमाल ठेवणारे निघाले, कोणी जवळ आले की मुद्दाम खोकणारे निघाले. विमानात चढताना चाकांच्या खुर्चीतून येणारी कित्येक माणसे उतरताना टुणटुणीत चालत जातात, हा तर तिकडे विनोदाचाच विषय झाला होता. त्या विनोदाला मी फारसा हसत नाही. गुडघ्याचे आणि छातीचे दुखणे बाहेरून दिसत नसते.

मला त्या गृहस्थांचे एकच खटकले. "बायको येते आहे" हे त्यांनी जागा भरलेली असल्यासारखे सांगितले. तेच जर त्यांनी "माझी बायको मागून येते आहे, तुम्ही दुसरी जागा पाहाल काय?" असे विचारले असते, तर बहुतेक सर्वजण आनंदाने पुढे गेले असते. जागा तीच मिळाली असती; पण ती समोरच्याने दिलेली असती. धरलेल्या जागेत आणि मागितलेल्या जागेत हे केवढे अंतर आहे! मागणाऱ्याला नकार ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. टोपीला ती ठेवावी लागत नाही, म्हणून तर लोक टोपी ठेवतात.

आपल्याकडे हे दुसऱ्या तऱ्हेने सुटते. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणे हा आपला परंपरागत हक्क. त्यात आपण साहेबाला हार जाणार नाही. पण आपल्या गाड्यांतून अजून बाक आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, "जरा सरकून घेता का?" तिघे अंग चोरतात, चौथा अर्धा टेकतो. कोणाचा हक्क पुरा शाबूत राहत नाही आणि कोणाचा पुरा बुडत नाही. विमानाच्या खुर्चीला दोन हात असतात. तीत सरकून घेता येत नाही. द्यायची तर सबंध द्यावी लागते, नाहीतर मुळीच नाही. औदार्य परवडायला बाक बरा, असे मला कित्येकदा वाटते.

त्याच प्रवासात आणखी एक दृश्य पाहिले. साडी नेसलेल्या, माझ्या आईच्या वयाच्या एक बाई, बहुधा मुलाकडे आलेल्या, एकट्याच चढल्या. पुढच्या रांगांतून अनेक मधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रत्येक खुर्चीपाशी त्या क्षणभर रेंगाळल्या, बसलेल्याच्या तोंडाकडे पाहिले आणि पुढे गेल्या. कोणी त्यांना नाही म्हटले नव्हते. त्यांनी विचारलेच नव्हते. विचारायला भाषा लागते, आणि भाषा असली तरी धीर लागतो. त्या थेट शेवटच्या रांगेत, शौचालयाला लागून असलेल्या जागेवर जाऊन बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आले की, "बोलून ठरवा" हा न्याय बोलक्यांचा आहे. छापील क्रमांक रुक्ष खरा. पण मुखदुर्बळ माणसाचा तो वकील असतो. तो हातात असला की कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

शाळेत हा खेळ मी दर जूनमध्ये पाहतो. पहिल्या दिवशी घंटा होण्यापूर्वीच खिडकीतून दप्तरे आत फेकली जातात. धिप्पाड मुले खिडकीजवळचे बाक पटकावतात, आणि ज्याला फळ्यावरचे दिसत नाही असा एखादा चष्मेवाला नेमका मागे जाऊन पडतो. तो तक्रारही करीत नाही. म्हणून मी जागा नेमून देतो आणि दर सोमवारी रांगा एकेक बाक पुढे सरकवतो. पहिली रांग शेवटी जाते. चष्मेवाल्याला मात्र पुढून हलवीत नाही, आणि त्यावर कुरकुर झालीच तर ती ऐकून घेतो. विमान कंपनीला सोमवार नसतो, हे उघडच आहे.

कंपनीने ही रीत बदलली ती अर्थात त्या साडीतल्या बाईंसाठी नव्हे. जुलै २०२४ मध्ये बदल जाहीर करताना तिने सांगितले की, तिच्या ८० टक्के उतारूंना आणि उतारू होऊ शकतील अशा ८६ टक्के लोकांना ठरलेली जागा हवी आहे. एलियट नावाच्या गुंतवणूक संस्थेने त्याच वर्षी तिचे पुष्कळ भाग घेऊन नफा वाढवण्याचा लकडा लावला होता, हेही खरे. आता पाय पसरायला जादा जागा असलेल्या खुर्च्यांना एक दर आहे, पुढच्या खुर्च्यांना एक, साध्यांना एक; आणि सर्वांत स्वस्त तिकीट घेणाऱ्याला कंपनी देईल ती जागा. मुखदुर्बळांना वकील मिळाला खरा, पण तो फी घेतो. धीट माणूस जेथे बसत होता तेथे आता पैसेवाला बसतो. पैसेवाल्याला खोटे बोलावे लागत नाही, एवढी सुधारणा मी मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र त्याला कोणी काही विचारीतही नाही.

अगदीच विचारीत नाही असे नाही. गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला होता. तिने जादा पैसे भरून पुढची, कडेची जागा घेतली होती. एक तरुण आई तिच्यापाशी आली. तिचा सात वर्षांचा मुलगा बहिणीच्या शेजारच्या खुर्चीत आणि ती स्वतः दहा रांगा मागे, मधल्या जागेवर. बदलून घ्याल का, असे तिने विचारले. बहीण उठू लागली, तोच त्या बाईने पर्समधून वीस-वीसच्या दोन नोटा काढून पुढे केल्या.

"दादा, मला काही सुचेचना," बहीण सांगत होती. "पैसे तर मी भरलेच होते गं, असंही वाटलं, आणि तिनं ते द्यायला नको होते, असंही वाटलं."

"मग?"

"मग काय, नोटा तिच्या मुलाच्या हातात ठेवल्या आणि मागे जाऊन बसले. तो पोरगा मात्र त्या नोटांकडे बघतच राहिला."