चाळणी

एके काळी आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आलेलं प्रत्येक पत्र वाचलं जाई. 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर नुकसान होईल' असलं पोस्टकार्डसुद्धा वडील आधी मोठ्यानं वाचत आणि मगच बंबात घालत.

आता घरच्या कॉम्प्युटरवर रोज पन्नासेक पत्रं येतात. निम्म्यांत मला परदेशी लॉटरी लागलेली असते. शेवटी शेजारच्या पोराला बोलावलं. त्यानं थंडरबर्ड नावाच्या प्रोग्रॅममधली चाळणी चालू करून दिली. म्हणाला, "काका, हे तुमच्याकडनंच शिकतंय बघा. नको त्या पत्रावर 'जंक' दाबत चला, चार दिवसांत हुशार हुतंय."

ही हुशारी मुळात १७६१ साली वारलेल्या थॉमस बेझ ह्या इंग्रज धर्मोपदेशकाची. शक्यतेचं त्याचं गणित १७६३ मध्ये छापलं गेलं. ते टपाल चाळायला कसं वापरावं, ह्यावर २००२ साली पॉल ग्रॅहॅम ह्यांनी लेख लिहिला आणि असल्या चाळण्या फैलावल्या. 'लॉटरी' हा शब्द टाकाऊ पत्रांत किती वेळा आला, 'रंकाळा' चांगल्या पत्रांत किती वेळा, ह्याची वही यंत्र ठेवतं आणि त्यावरून नव्या पत्राचं चारित्र्य ठरवतं. आमच्याकडे लग्न जमवताना वेगळं काय करतात?

माझा एक शाळासोबती रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवतो. मी त्यावरही 'जंक' दाबू लागलो. नकार फुलाला आहे, माणसाला नाही, अशी मनाची समजूत घातली. यंत्राला एवढा भेद कुठला कळायला! त्यानं सुविचाराबरोबर माणसाचं नावही वहीत मांडलं.

मग एकदा त्यानं लिहिलं, 'गुरुवारी ऑपरेशन आहे. बुधवारी जरा येऊन बस, धीर येईल.' ते पत्र मला एकोणीस दिवसांनी जंकमध्ये सापडलं, केस उगवायच्या तेलाच्या दोन जाहिरातींच्या मधोमध.

धावत गेलो. स्वारी अंगणात उन्हाला बसलेली. "परगावाला गेलतास व्हय?"

"पत्र दिसलंच नाही रे," मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा! 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझी खुर्ची आधीपासून जमिनीवरच होती.

दोष यंत्राचा म्हणावा, तर त्याचा मास्तर मी. पण मला खुपतं ते निराळंच. ते एकोणीस दिवस गुलाब दिसत नव्हता आणि मला बरं वाटत होतं.

हल्ली रोज रात्री जंक उघडून बसतो. लॉटऱ्या, तेलं, सगळं वाचतो. पोरगं विचारतं, "मग चाळणी कशाला बसवली वो, काका?"

आज त्या ढिगात गुलाब होता. 'जंक नाही' हे बटण दाबलं. उघडला मात्र नाही.