मोह गेला का, हे कोणी सांगायचे?

तेलगावच्या फाट्यावर बीडहून परळीला जाणारा आणि माजलगावहून धारूरला जाणारा, असे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. दिवाळी सरून गळीत हंगाम सुरू झाला की इथल्या लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या वाहनांची रांग लागते. काट्यावर आधी भरलेले वाहन चढते, मग रिकामे. दोन्हींतला फरक म्हणजे उसाचे वजन. पण हिशोब वजनावर संपत नाही. त्या उसातून साखर किती निघाली, म्हणजे उतारा किती पडला, हे प्रयोगशाळेत ठरते, आणि केंद्र सरकार उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करते तो १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरून. किती आले आणि त्यातून काय उतरले हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे या भागातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. हेच दोन प्रश्न आज महाविद्यालयांतल्या समुपदेशन कक्षांसमोर आहेत. कक्षात किती विद्यार्थी आले, आणि आलेल्यांच्या जीवनात काय उतरले? पहिल्याचे उत्तर नोंदवहीत मिळते. दुसरा प्रश्न वरवर शैक्षणिक प्रशासनाचा दिसला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तो तसाच हाताळला पाहिजे असे मला वाटते.

हा प्रश्न आत्ताच ऐरणीवर येण्याला कारण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, हे त्यांतले एक. तेलगावच्या मुलामुलींना पदवीसाठी माजलगाव, धारूर, अंबाजोगाई किंवा बीड गाठावे लागते आणि ही सगळी महाविद्यालये १९५८ साली स्थापन झालेल्या, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तिथेही समुपदेशकाची खोली उघडणे यापुढे ऐच्छिक राहणार नाही. खोली उघडली की मूल्यांकन आलेच. नॅकच्या निकषांत विद्यार्थी साहाय्याला वेगळे स्थान आहे आणि ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द तर प्राध्यापकांच्या खोलीत रोजचा झाला आहे. अमेरिकेत १९७९ साली स्थापन झालेल्या एका परिषदेने विद्यार्थी-सेवांसाठी मानके तयार केली. वर्गाबाहेर, अगदी समुपदेशकाच्या खोलीतही, विद्यार्थी काहीतरी शिकत असतो आणि ते शिकणे तपासता येते, हा विचार तिथे रुजला. हा विचार मला पटतो. मनातली घालमेल ओळखणे, मदत मागणे, निर्णय तोलून घेणे ही शिकण्याची कामे आहेत. त्या खोलीत येणाऱ्याला रुग्ण न समजता शिकणारा समजले, तर त्याचा मान वाढतो.

अडचण पुढच्या पायरीवर येते. शिकणे झाले याचा साक्षीदार कोण? गणिताचे उत्तर चुकले की बरोबर आले, हे परीक्षक बाहेरून पाहू शकतो. मनातला गुंता सुटला की नाही, हे बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. या प्रश्नावर आपल्याकडे एक जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला दाखला आहे, पण त्याच्याकडे मूल्यांकन म्हणून कोणी फारसे पाहिलेले नाही. गीता हे एका खचलेल्या माणसाशी झालेले बोलणे आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था स्वतःच सांगतो: गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंग कापू लागले, रोमांच उभे राहिले, हातातले गांडीव सुटू लागले, कातडी जळू लागली, उभे राहवेना, मन भोवंडू लागले. एकेक लक्षण सुटे करून सांगितलेली ही यादी आहे. आजची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली नैराश्याची नऊ लक्षणे विचारते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देते आणि सत्तावीसपैकी बेरीज काढते. अर्जुनाची यादीही तशी बेरजेला सोपी होती. बोलणे संपताना, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, कृष्ण प्रश्न विचारतो. पण तो अंगाचा कंप थांबला का, तोंडाची कोरड गेली का, असे विचारत नाही. तू एकाग्र मनाने ऐकलेस का, आणि अज्ञानातून आलेला तुझा मोह गेला का, एवढेच विचारतो. उत्तर अर्जुन देतो: मोह गेला, भान परत आले, संशय उरला नाही, आता तू सांगतोस तसे करीन.

या शेवटाचे वजन आपल्या भाष्यपरंपरेने ओळखले आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य ठरवताना मीमांसकांची कसोटी वापरली. ग्रंथाचा उपक्रम काय, उपसंहार काय, कशाची पुनरुक्ती आहे, नवे काय आहे, आणि फल काय, हे त्या कसोटीचे भाग. ऐकून झाल्यावर अर्जुनाने काय केले? तो लढायला उभा राहिला. म्हणजे फळावरून उपदेश जोखण्याची रीत आपल्या विचारपरंपरेत जुनी आहे, ती नॅकबरोबर आलेली नाही. म्हणूनच समुपदेशनाचे मोजमाप हे परके खूळ आहे, आतल्या गोष्टी मोजायच्याच नसतात, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोजावे. फक्त कृष्णाने काय विचारले, कोणाला विचारले आणि कधी विचारले, हे तीनही नीट पाहून मोजावे.

काय विचारले, ते आधी घेऊ. त्याने लक्षण सोडून समज विचारली, आणि हा फरक बीडसारख्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. बालविवाहाचे प्रमाण राज्यात जास्त असलेल्या जिल्ह्यांत बीडचे नाव येते. समजा, पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी समुपदेशकाकडे आली. घरी स्थळ पाहणे चालू आहे, तिला शिकायचे आहे, पण ते ती घरात बोललेली नाही. चार भेटींनंतर तिला आपले मन स्पष्ट झाले आणि ती वडिलांपुढे नाही म्हणाली. त्या आठवड्यात तिची झोप उडेल, जेवण जाणार नाही, छातीत धडधडेल. प्रश्नावली भरून घेतली तर तिचे गुण पहिल्या भेटीपेक्षा वाईट येतील. निव्वळ आकडा पाहणारा मूल्यमापक म्हणेल, समुपदेशन फसले. प्रत्यक्षात त्या खोलीत जे शिकायचे ते शिकून ती बाहेर पडली आणि त्याची किंमत मोजते आहे. लक्षणांची बेरीज समुपदेशकाला थर्मामीटरसारखी उपयोगी पडते. पीएचक्यू-९ मधला शेवटचा, स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा प्रश्न जीव वाचवू शकतो. पण थर्मामीटरने ताप कळतो, माणूस काय शिकला ते कळत नाही.

आता कोणाला विचारले ते. ज्याचा मोह, त्यालाच. इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: विद्यार्थ्याच्या तोंडच्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा? आपल्याकडे मूल शिक्षकांसमोर ‘बरं वाटलं, सर’ असेच म्हणते. अनेक ठिकाणी समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार प्राध्यापकाकडेच असतो आणि अंतर्गत गुणही त्याच्याच हातात असतात. अशा वेळी फीडबॅक फॉर्म समोर ठेवला की वर नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. खाली पाच रकाने, ‘अतिशय समाधानी’पासून ‘असमाधानी’पर्यंत. विद्यार्थी पेन उचलतो, पहिल्या रकान्यात एकाखाली एक बरोबरच्या खुणा करतो आणि फॉर्म परत देतो. त्या खुणांतून त्याच्या भिडस्तपणाशिवाय काही कळत नाही. हे सगळे मान्य आहे, पण यावरून विद्यार्थ्याला विचारूच नये हे सिद्ध होत नाही. विचारण्याआधी त्याला मोकळे करावे लागते, एवढेच सिद्ध होते. गीतेतला क्रम पाहण्यासारखा आहे. मोह गेला का, हे विचारण्याच्या आधी, त्याच अध्यायात, कृष्ण अर्जुनाला सांगून टाकतो की मी सांगितले त्याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. आधी मुभा, नंतर प्रश्न. नकार देण्याची मोकळीक ज्याला आहे, त्याच्याच होकाराला साक्षीचे मोल येते. बुद्धानेही कालाम लोकांना हेच सांगितले: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, कशाने अहित होते आणि कशाने हित, ते स्वतः जाणा आणि मग स्वीकारा. कुरुक्षेत्र आणि कालामांचे गाव एकमेकांपासून कितीही दूर असोत, निवाडा शिकणाऱ्याच्या हाती ठेवण्यावर दोघांचे एकमत आहे.

दुसरा आक्षेप गीतेतूनच निघतो. फळावर हक्क सांगू नकोस असे शिकवणाऱ्या ग्रंथाचा आधार घेऊन फळाची चौकशी कशी करायची? मला यात विरोध दिसत नाही. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे फळाकडे पाठ फिरवणे नव्हे. ज्याने आसक्ती सोडायला सांगितले, त्यानेच शेवटी विचारले. त्याला त्या उत्तराचे गुण मिळणार नव्हते, बढती मिळणार नव्हती. उत्तर ‘मोह गेला नाही’ असे आले असते, तर बोलणे पुढे चालले असते. समुपदेशकाने विचारावे ते असे, पुढचे बोलणे कुठून सुरू करायचे हे कळण्यासाठी. त्याच उत्तरावर त्याची नोकरी टांगली, की तो नकळत सोपी दुखणी निवडू लागतो, आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यासाठी दार अर्धेच उघडते.

कधी विचारले, हा भाग सर्वांत अवघड आहे. कृष्णाने बोलणे संपताक्षणी विचारले आणि उत्तर पूर्ण गुणांचे मिळाले. पण महाभारत तिथे थांबत नाही. युद्ध संपल्यावर, आश्वमेधिक पर्वातल्या अनुगीतेच्या सुरुवातीला, अर्जुन कृष्णाला म्हणतो की युद्धाच्या वेळी तू जे सांगितलेस ते माझ्या चित्तातून निघून गेले आहे, पुन्हा सांग. कृष्णाला ते आवडत नाही. ते सारे जसेच्या तसे पुन्हा सांगता येणार नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ज्या गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला, ती जिला सांगितली गेली ती व्यक्तीच ती विसरली! मग निष्पत्ती शून्य धरायची का? अर्जुन शब्द विसरला हे खरे, पण त्या सकाळी तो उभा राहिला हे काही त्यामुळे पुसले जात नाही. समुपदेशनात शिकलेले बहुधा असेच टिकते. सहा महिन्यांनी विद्यार्थ्याला समुपदेशकाचे वाक्य आठवणार नाही. पण पुन्हा मन खचले तर तो गप्प बसतो की कोणाकडे तरी जाऊन बोलतो, यात ते दिसेल. अर्जुनही विसरला, आणि विसरलो असे सांगून परत विचारायला आला. ती मदत मागण्याची सवय हीच मला त्याची सर्वांत पक्की अध्ययन निष्पत्ती वाटते. म्हणून एकाच दिवशी भरलेल्या फॉर्मवर निकाल देऊ नये. सत्र संपल्यावर, मग पुढच्या सत्रात, आणि तेही विद्यार्थ्याची तयारी असेल तरच, विचारावे.

राहिला आक्षेप पैशाचा, आणि तो टाळता येणार नाही. पगार सार्वजनिक पैशातून जातो. आकडे दाखवले नाहीत तर कक्ष पहिल्या कपातीत बंद होईल. आकडे जरूर दाखवावेत, पण ते संस्थेच्या कामाचे. समुपदेशक पात्र आहे का, आठवड्यात किती तास बसतो, पहिल्या भेटीला किती दिवस लागतात, अंबाजोगाई-बीडच्या रुग्णालयापर्यंत पुढे पाठवण्याची सोय आहे का, ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुले हंगामात वसतिगृहात एकटी असताना तो भेटतो का, आणि सांगितलेले गुपित राहते का. हे सगळे मोजता येते, आणि यात कमी पडले तर जबाब संस्थेने द्यावा. विद्यार्थ्याच्या अंतरंगाला मात्र संस्थेच्या ताळेबंदात बसवू नये. माणसाला हिशोबाचे एकक केले की काय होते, हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. ऊसतोडीचा मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघे. एकटा असेल तर अर्धा कोयता. त्या हिशोबात बाईचे नाव कुठेच लागत नाही. लाखो माणसे दर हंगामात अशा मोजमापाने जिल्ह्याबाहेर जातात. त्यांच्या मुलामुलींनी महाविद्यालयात येऊन कोणापाशी तरी पहिल्यांदा मन मोकळे केले आणि तेही एखाद्या अहवालातला टक्का झाले, तर त्यांची ओळख दुसऱ्यांदा पुसली जाईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहेच. पण कायद्याआधीही हा विश्वासाचा प्रश्न आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि नॅकच्या तयारीला बसणाऱ्या समित्यांना एक विनंती आहे. समुपदेशन कक्षाचा फॉर्म पुढच्या वेळी छापायला द्याल, तेव्हा सगळ्यात वरची नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांकाची ओळ काढून टाका. खाली पाच रकान्यांच्या जागी चार कोऱ्या रेघा ठेवा आणि तो कागद कुठे टाकायचा, की टाकायचाच नाही, हे विद्यार्थ्यावर सोडा.