केसाळ झगा आणि इस्त्रीचा शर्ट

मागच्या वर्षी मी पहिल्यांदाच इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसलो. समोरचा मुलगा कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, पॉलिश केलेले बूट घालून आलेला. आम्ही सगळे विटक्या टी-शर्टात. तो तोंड उघडायच्या आधीच मी ठरवून टाकलं, हा आपल्यातला नाही. कोड त्याने नीट लिहिला, तरी ‘कल्चर फिट’च्या रकान्यात मी कमी गुण दिले. त्याची निवड झाली नाही.

हे टोचायला लागलं ते बायबल वाचताना.

‘२ राजे’च्या पहिल्याच अध्यायात अहज्या राजा पडून जखमी झालेला आहे. वाटेत एका माणसाने त्याच्या दूतांना परत फिरवलंय. राजा विचारतो, तो दिसायला कसा होता? केसाळ, कमरेला कातड्याचा पट्टा. एवढ्यावरून राजा ओळखतो, हा एलीया. पुढे कित्येक शतकांनी बाप्तिस्मा करणारा योहान उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कातड्याचा कमरबंद घालून येतो, तेव्हा जुनी कथा माहीत असणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

हे खरखरीत कापड काय सांगतं? माझ्या मते एवढंच: राजा, मी तुझं मीठ खाल्लेलं नाही, म्हणून तुला ‘नाही’ म्हणू शकतो. मऊ कपडेवाले राजवाड्यात सापडतात, असं येशू योहानाबद्दल बोलताना म्हणतो. त्या वेळी योहान तुरुंगात असतो. म्हणजे त्या कपड्यामागची किंमत त्याने चुकवलेली होती.

पण जी खूण ओळखता येते, तिची नक्कलही करता येते. जखऱ्याच्या १३व्या अध्यायात लोकांना फसवण्यासाठी केसाळ झगा घालणाऱ्या संदेष्ट्यांचा उल्लेख आहे. आमच्या क्षेत्रात याचं उदाहरण ताजं आहे. स्टीव्ह जॉब्ससारखा काळा टर्टलनेक घालणाऱ्या एलिझाबेथ होम्सला २०२२मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं गेलं. साधेपणाचाही युनिफॉर्म होतो, आणि युनिफॉर्म कुणालाही विकत घेता येतो.

मग झगा निरर्थक म्हणायचा का? अलीशाची गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. तो नांगर धरून असताना एलीया त्याच्यावर आपला झगा टाकतो. ते फक्त बोलावणं असतं. पुढे अलीशा वर्षानुवर्षं एलीयाची सेवा करतो. एलीया स्वर्गात घेतला जातो तेव्हा अलीशा आधी स्वतःचे कपडे फाडतो, मग पडलेला झगा उचलतो आणि यार्देनच्या पाण्यावर मारतो. पाणी दुभंगतं. पलीकडचे शिष्य त्याला मान देतात ते यानंतर. आणि पुढच्या अलीशाच्या गोष्टींत त्या झग्याचा उल्लेखच येत नाही.

म्हणजे कपडा हा दावा आहे, पुरावा नव्हे. मेंढराच्या वेषातल्या लांडग्यांबद्दल सावध करताना येशू हेच सांगतो: फळांवरून ओळखा.

त्या मुलाचं फळ माझ्यासमोर स्क्रीनवर होतं. मी बघत होतो त्याचा टाय. कदाचित तो त्याने कुणाकडून उसना आणला असेल, आम्हाला मान द्यायचा म्हणून. आणि माझा विटका टी-शर्ट? मी कुठल्या राजाला ‘नाही’ म्हटलंय? महिन्याच्या शेवटी पगार मऊच येतो.

आता मी आधी कोड वाचून गुण लिहितो, मग वर बघतो. तो मुलगा मात्र परत येणार नाही.