कमी होतंय, पण कसं?

पौर्णिमा उलटून दोन-चार दिवस झाले की सकाळी पश्चिमेकडे पाहावं. इकडे सूर्य वर आलेला असतो आणि तिकडे चंद्र अजून मावळलेला नसतो, फिकट आणि एका कडेने झिजल्यासारखा. चंद्राच्या या घटण्याला इंग्रजीत 'वेन' असा खास शब्द आहे. समुद्राचं पाणी मागे हटतं तेव्हा 'एब', एखादी गोष्ट वाळत, रोडावत जाते तेव्हा 'ड्विंडल', खवळलेलं खाली बसतं तेव्हा 'सब्साइड'. अबेट आहे, टेपर आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हे सगळे शब्द एका ओळीत छापलेले असतात आणि मुलं ते समानार्थी म्हणून पाठ करतात. मला ते समानार्थी वाटत नाहीत. प्रत्येक शब्द कमी होण्याची एक वेगळी रीत सांगतो, आणि रीत कळली तर पुढे काय होणार याचाही अंदाज येतो.

आपल्याकडेही हे भान होतंच. पूर ओसरतो, ताप उतरतो, वारा पडतो, विहीर आटते, राग निवळतो. विहीर ओसरली असं कोणी म्हणत नाही. पण आता बोलताना आपण सगळ्याला सरसकट 'कमी झालं' म्हणून मोकळे होतो. काय कमी झालं ते सांगतो, कसं ते सांगत नाही.

'वेन' आपल्याला परका नाही. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द आणि संस्कृतातला 'ऊन' एकाच इंडो-युरोपीय मुळाशी नेऊन पोचवतात. त्याच 'ऊन'पासून आपलं उणं, उणीव आणि एकोणीस आले. वीसाला एक उणा म्हणून एकोणीस. पण ज्या चंद्रावरून इंग्रजांनी हा शब्द पक्का केला तो चंद्र खरं तर उणा होतच नाही. त्याचा अर्धा भाग सूर्यप्रकाशात असतो तो असतोच. सुमारे साडेएकोणतीस दिवसांच्या फेऱ्यात बदलतो तो त्यातला आपल्याला दिसणारा हिस्सा. आज इंग्रजीत माणसाच्या उत्साहाला, सत्तेला, लोकप्रियतेलाही हा शब्द लावतात. घरातलं एखादं माणूस मंदावल्यासारखं दिसतं, पूर्वीसारखं बोलत नाही, तेव्हा त्याच्यातलं काही संपलं असं आपण फार लवकर धरून चालतो. ते आपल्याला दिसेनासं झालं असेल, एवढंच त्या वेळी म्हणता येतं.

'एब' म्हणजे ओहोटी, आणि ती परत येणारी घट आहे. कोकणातल्या बायका ओहोटीची वेळ पाहूनच खाडीवर, खडकांवर जातात; कालवं, तिसऱ्या मिळायच्या तर पाणी मागे गेलेलं लागतं. सहा-साडेसहा तासांत पाणी पुन्हा चढणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्या घाबरतही नाहीत आणि रेंगाळतही नाहीत.

ड्विंडलचं तसं नाही. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' या नाटकात अगडबंब फॉल्स्टाफला आपण वाळत चाललो की काय अशी काळजी वाटते, तिथे हा शब्द येतो. तिथे प्रेक्षक हसतात. हाच शब्द माळढोकाला लावला की हसू येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. गवताळ माळ तुटत गेले, विजेच्या तारा आल्या, आणि हा पक्षी सहसा एका वेळी एकच अंडं घालतो. त्यामुळे गेलेल्याची भरपाई होण्याआधी आणखी एक जातो. आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. असं घटणं एका दिवसात डोळ्यांवर येत नाही; मधल्या वर्षांत 'यंदा जरा कमी दिसले' एवढंच म्हटलं जातं. ओहोटी समजून वाट पाहत बसावं आणि ती ओहोटी नसावी, यासारखी दुसरी फसगत नाही. आपल्या गावातली ओढ्याची धार, वाचनालयातले वाचक, शाळेच्या पटावरची मुलं, यांतलं काय ओहोटीचं आणि काय माळढोकाचं, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहिलं पाहिजे.

अमेरिकेतल्या खाणकामगारांनी एकोणिसाव्या शतकात 'पीटर आउट' हा प्रयोग रूढ केला. खडकातली धातूची शीर बारीक होत होत नाहीशी झाली की ते असं म्हणत. कोलारच्या सोन्याच्या खाणींचं असंच झालं. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणी 2001 साली बंद झाल्या, तेव्हा सोनं अजिबात उरलं नव्हतं असं नाही. टनामागे हाती येणारं सोनं इतकं घटलं होतं की ते वर काढण्याचा खर्च परवडेना. पूर्ण संपण्याच्या बरंच आधी गोष्टी सोडून दिल्या जातात.

'अबेट' आपल्याकडे कोर्टात भेटतो. या शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि अर्थ आहे मारून खाली पाडणं. दाव्यातला पक्षकार वारला आणि त्याचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आले नाहीत, तर त्याच्यापुरता दावा अबेट होतो. पुढे 60 दिवसांत तो पुन्हा उभा करून देण्याची विनंती करता येते. जमिनीच्या भांडणात दोन-तीन पिढ्या गेलेल्या घरांना हे नीट माहीत असतं. दुःखाच्या दिवसांत कागदाकडे पाहायचं सुचत नाही, आणि तेवढ्यात हक्क निसटू लागतो.

या सगळ्यांत मला 'टेपर' महत्त्वाचा वाटतो, कारण ते जाणूनबुजून, जपून केलेलं कमी करणं आहे. जुन्या इंग्रजीत टेपर म्हणजे मेणबत्ती. वर निमुळत्या होत जाणाऱ्या तिच्या आकारावरून हे क्रियापद आलं. 2013 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्की यांनी रोख्यांची खरेदी हळूहळू कमी करण्याचा नुसता विषय काढला, तर मेमध्ये डॉलरला 55 च्या आसपास असलेला रुपया ऑगस्टअखेर 68 च्या पुढे घसरला. कमी करणं हळू असलं तरी समोरच्याची तयारी नसेल तर धक्का बसतोच.

शरीराचंही असंच आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1948 साली फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, आणि 1950 साली त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. तेव्हापासून स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दम्याचे, सांध्यांचे असंख्य रुग्ण उभे राहिले. पण काही आठवडे ही गोळी बाहेरून मिळत राहिली की मूत्रपिंडांवर टेकलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात. गोळी एकाएकी थांबली तर शरीराकडे दोन्हीही नसतं. प्रचंड थकवा येतो, उलट्या होतात, रक्तदाब पडतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून डॉक्टर डोस टेपर करतात. आधी मोठ्या टप्प्यांनी, मग छोट्या टप्प्यांनी, शेवटी तर फार सावकाश, म्हणजे झोपलेल्या ग्रंथींना जागं व्हायला अवधी मिळतो. फिट्सच्या गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनाही हाच नियम लागू आहे. बरं वाटू लागल्याच्या आनंदात नेमकी हीच गोष्ट घरोघरी विसरली जाते.

तुमच्या घरी कोणाला अशी गोळी चालू असेल, तर आज चिठ्ठी काढून पाहा. डोस कमी कसा करत न्यायचा हे तिच्यावर लिहिलेलं नसेल, तर गोळ्या संपायच्या आधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, आणि तोवर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.