तवक्कुल आणि दोन थेंब

पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. पुढे उत्तर प्रदेशातील काही मुस्लिम मोहल्ल्यांत अफवांमुळे दारे बंद झाली. कुणी तवक्कुलचाही आधार घेतला. परंतु साथीची वार्ता ऐकून शामच्या वाटेवरून परतताना हजरत उमर (रजि.) यांनी, आपण अल्लाहच्या एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडे जात आहोत, असेच सांगितले होते. शिवाय पोलिओची लागण झालेल्या बहुतेक मुलांत लक्षणे दिसतच नाहीत. विषाणू मात्र विष्ठेतून पसरत राहतो. म्हणजे दार लावून घेणारा बाप आपल्या भरवशाची किंमत शेजाऱ्याच्या लेकराला मोजायला लावतो. हा हुकूकुल इबादचा प्रश्न आहे. देशातील नैसर्गिक पोलिओची शेवटची रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळली. ती आपल्याच समाजातील चिमुकली होती. तिला थेंब पाजलेले नव्हते.