कोळशाच्या विस्तवापाशी, दुसऱ्यांदा



12 मे हा जागतिक परिचारिका दिन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुली नर्सिंगच्या सेवेत आहेत. त्या सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन! पण आज आपण अशा एका भगिनीचा विचार करू या, जी त्या दिवशी सत्काराला उभी राहायला कचरते.

काही महिन्यांपूर्वी ती आम्हांला भेटायला आली. (हे पापनिवेदन नव्हते. तिच्या संमतीने आणि तिची ओळख टाळून आम्ही हे लिहीत आहोत.) रात्रपाळीत एका रुग्णाचे इंजेक्शन तिच्या हातून दुसऱ्याला दिले गेले. देवकृपेने रुग्ण बचावला. परंतु घाबरून तिने चार्टवर खोटी नोंद केली. चौकशी झाली आणि तिला निलंबित करण्यात आले. आज ती पुन्हा कामावर आहे आणि तिला ब्रिटनला जायचे आहे. अर्जात एक प्रश्न आहे : तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? एजंट म्हणतो, ‘नाही’वर खूण करा. तिने आम्हांला विचारले, “फादर, देवाने मला क्षमा केली ना? मग ‘नाही’ लिहिले तर ते खोटे कसे?”

प्रश्न साधा नाही. संत थॉमस अक्विनास शिकवतात की, जे घडून गेले ते घडलेच नाही असे करणे सर्वसमर्थ देवाच्याही सामर्थ्यात बसत नाही, कारण त्यात विसंगती आहे. देव पापाची क्षमा करतो, भूतकाळ खोडत नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे : पापक्षमेने पाप दूर होते, परंतु पापाने केलेले सर्व नुकसान त्याने आपोआप भरून निघत नाही. ते भरून काढणे आपल्यावर उरते.

संत पेत्राकडे पाहा. प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना त्याने तीनदा प्रभूला नाकारले. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी प्रभूने पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवला आणि तीनदा प्रीतीविषयी विचारले. ‘झाले गेले विसरून जा’ असे प्रभू म्हणाला नाही. त्याने पेत्राला त्या जखमेपाशी परत नेले आणि तिथेच त्याच्या हाती मेंढरे सोपवली. आणखी एक गोष्ट : पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत लिहिलेला आहे. आपल्या पहिल्या पोपमहोदयांची ‘कारवाई’ ख्रिस्तसभेने लपवली नाही. दर वर्षी उत्तम शुक्रवारी आपण ती मोठ्याने वाचतो.

म्हणून आम्ही त्या भगिनीला म्हणालो, “बाळ, ‘होय’ लिही.” यात व्यवहाराचाही भाग आहे. परदेशी नोंदणी करताना आपल्या इथल्या परिषदेकडून नोंदणीचा दाखला मागवला जातो. लपवलेली गोष्ट तिथे उघड होऊ शकते. मग जुन्या चुकीपेक्षा नवे खोटेच अधिक महाग पडते. ब्रिटनमध्ये एखाद्या नर्सचे नाव नोंदवहीतून काढून टाकले, तरी 5 वर्षांनंतर तिला पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा तिला आपली चूक किती उमगली आहे आणि त्यानंतर तिने काय केले आहे, हे तपासले जाते. तेव्हा कारवाईच्या आदेशाची प्रत जपून ठेवावी. त्यानंतर घेतलेल्या प्रशिक्षणाचे दाखले आणि वरिष्ठांची पत्रे जोडावीत. काय घडले, का घडले आणि आज आपण काय वेगळे करतो, हे आपल्याच शब्दांत लिहावे.

एवढे करून दार उघडेलच, असे आश्वासन आम्ही दिले नाही. रुग्णाचा जीव मोलाचा आहे, त्यामुळे चौकशी करणाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. एखाद्या ठिकाणी नकारही मिळेल. पण खोट्या ‘नाही’वर मिळालेली नोकरी म्हणजे त्या रात्रीच्या चार्टवरची तीच खोटी नोंद, पुन्हा एकदा केलेली. रात्री अडीच वाजता चूक झाली, तर ‘माझ्याकडून चुकले, डॉक्टरांना बोलवा’ असे सांगणारी नर्सच आपल्या आईच्या खाटेशेजारी असावी, असे आपल्यापैकी कोणाला वाटणार नाही?

आता थोडे आपल्याविषयी. तिला परिषदेपेक्षा अधिक भीती आपली वाटते, विहिरीवरच्या आणि लग्नमांडवातल्या कुजबुजीची. प्रभूने पेत्रासाठी विस्तव पेटवून भाकर आणि मासळी तयार ठेवली होती. प्रश्न त्याने जेवणानंतर विचारले. आपण मात्र आधी प्रश्न विचारतो आणि भाकर द्यायची विसरून जातो. या परिचारिका दिनी अशा एखाद्या घरी जाऊन चहा घ्या, आणि तो विषय काढू नका.

त्या भगिनीने अर्जात ‘होय’ लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. या रविवारच्या मिस्सामध्ये, नाव न घेता, आपण सर्व जण तिच्यासाठी प्रार्थना करू या.

प्रभूची कृपा व शांती तुम्हां सर्वांबरोबर असो.

आपले प्रमुख धर्मगुरू