ऐकणारे वेगळे, ठरवणारे वेगळे

सरकार लोकांना विचारतं का? विचारतं की! गावात ग्रामसभा आहे, शहरात विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणविषयक जनसुनावणी असते. विचारण्याच्या सोयी आपल्याकडे भरपूर आहेत. लोक बोलतात, पण ते बोलणं शेवटी कुणाच्या टेबलावर जातं, हे सहसा कुणी विचारत नाही. माझा मुद्दा तेवढाच आहे.

जनसुनावणीचंच बघा. केंद्र सरकारची 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना कागदावर वाचली तर मन प्रसन्न होतं. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने आलेला वरिष्ठ अधिकारी. सगळ्या कार्यवाहीचं चित्रीकरण, आणि शेवटी त्याच जागी स्थानिक भाषेत इतिवृत्ताचं वाचन.

आता प्रत्यक्ष मांडवात येऊन बसा. पुढच्या रांगेत सोफे, त्यावर पुढारी आणि कंपनीची माणसं, कडेला पोलीस, गावकरी मागे. बंदराचा प्रकल्प असेल तर एखादा मच्छीमार माईक हातात घेऊन विचारतो, ‘‘गाळ उपसल्यावर आमची कोलंबी कुठं जाणार, साहेब?’’ साहेब कंपनीच्या सल्लागाराकडे बघतात. सल्लागार म्हणतो, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालात त्याचं प्रकरण आहे. अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. स्थानिक भाषेत सारांश दिला की नियमाची पूर्तता होते. इतिवृत्तात नोंद पडते: ‘मत्स्यव्यवसायाबाबत शंका उपस्थित करण्यात आली.’ कोलंबी त्या वाक्यातून केव्हाच निसटलेली असते.

इथवरचं आपल्या सवयीचं आहे. खरी गोम पुढे आहे. मंचावर बसलेल्या अधिकाऱ्याला प्रकल्पाला हो किंवा नाही म्हणायचा अधिकारच नसतो. तो फक्त नोंद पुढे पाठवतो. निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत, कागद पाहून होतो. म्हणजे ऐकणारा ठरवत नाही आणि ठरवणारा मांडवात नसतो. लोकांच्या हरकतींना उत्तर द्यायचं काम अधिसूचनेने दिलंय कुणाला? प्रकल्प मागणाऱ्यालाच. त्यानेच त्या हरकती अंतिम अहवालात ‘विचारात घ्यायच्या’. मच्छीमाराला सरकारकडून थेट उत्तर कधी येतच नाही. गणपूर्तीची अटही नाही. ग्रामसभेला निदान पंधरा टक्के किंवा शंभर मतदारांची अट असते (ती तहकूब झाली की पुढच्या सभेला तीही उरत नाही, हा आपल्या ग्रामपंचायतींचा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग). इथे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली म्हणायची.

मग सरकार कधीच ऐकत नाही का? ऐकतं, पण बहुधा मांडवाबाहेर. कोकणातल्या नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध तिथल्या गावांनी ग्रामसभांचे ठराव केले, मोर्चे काढले. भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली ती मार्च 2019 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, भाजप-शिवसेना युतीच्या वाटाघाटींतून. मुंबईचा विकास आराखडाही एप्रिल 2015 मध्ये नव्याने करायला लावला गेला. नकाशात चुका इतक्या ढळढळीत होत्या की ज्याला आपली इमारत शोधता येत होती त्याला चूकही सापडत होती. त्यात ओरडणाऱ्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत सहज पोहोचणारा होता, हेही खरं. तोच आवाज गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याहून निघाला तर?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. आधी अभ्यासगटात माहिती घ्यायची, मग ग्रामसभेत बोलायचं, असा रिवाज. वेळ लागतो, पण 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर स्वतःच्या बांबूचं काय करायचं हे गावाने स्वतः ठरवलं. वनखात्याशी वाद घालून 2011 मध्ये वाहतूक परवाने देण्याचा हक्कही घेतला.

दुसरं उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचं. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बॉक्साइटच्या खाणीमुळे लोकांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावं. त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसात बारा ग्रामसभा झाल्या, न्यायिक अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. बाराच्या बाराही ठिकाणी नकार आला. जानेवारी 2014 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी काही फार मोठे वक्ते नव्हते. त्यांच्या ‘नाही’ला कायद्यात किंमत होती, एवढाच फरक.

प्रत्येक गावाला असा नकाराधिकार दिला तर धरण होणार नाही, रस्ता होणार नाही, असं म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. एका खोऱ्याचं पाणी चाळीस गावांना जात असेल तर एका गावाच्या ठरावावर ते अडू नये. पण नकाराधिकार देणं आणि उत्तर देणं यांत मोठं अंतर आहे. नकार मोडायचा असेल तर खुशाल मोडा, पण जो निर्णय घेणार त्याने मांडवात येऊन बसावं आणि प्रत्येक हरकत का फेटाळली ते स्वतःच्या सहीने, मराठीत, लेखी द्यावं. त्यासाठी क्रांती लागत नाही, अधिसूचनेत दोन परिच्छेद वाढवावे लागतात.

तुमच्या तालुक्यात पुढची जनसुनावणी लागेल तेव्हा प्रकल्पाबद्दल बोलण्याआधी उठून एवढंच विचारा: साहेब, आम्हाला उत्तर कोण देणार आहे, आणि कोणत्या तारखेला? हा प्रश्न इतिवृत्तात जसाच्या तसा लिहून घेतला जातोय ना, हे बघून मगच खाली बसा.